पस्तीस मिनिटांचा तेजोमेघ

आयुष्यात माझ्या नावाने एकच फोटो छापून आला. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा. तो मी काढला असं त्याखाली लिहिलं होतं आणि ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं मी इतक्या वर्षांत काही जणांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, पण सगळं एका बैठकीत कधी सांगितलं नाही.

मी तेव्हा दोंडाईचाच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. स्टेशनजवळ एका मारवाडी शेठजींची मिरचीची वखार होती, तिच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको राहत होतो. बाहेरच्या अंगाने एक उभा लोखंडी जिना गच्चीवर जायचा. थंडीत अर्ध्या गच्चीवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असत, उरलेली अर्धी शेठजींनी माझ्या दुर्बिणीला दिली होती. मिरचीच्या हंगामात आमची सगळी गल्ली खोकायची. नव्या पाहुण्याला आल्या आल्या ठसका लागायचा आणि दोन दिवसांनी तोही सरावायचा. कोण किती खोकतं याकडे कुणाचं लक्ष नसे.

दुर्बीण मी स्वतः केली होती. सहा इंची जाड काच कार्बोरंडमच्या पुडीने घासून घासून तिचा आरसा करायला मला दीड वर्ष लागलं. नळी पत्र्याची. तिची लोखंडी बैठक धुळ्याच्या एका लेथवाल्याने करून दिली. एरवी तो जिनिंगच्या यंत्रांचे भाग कातायचा. हे काय आहे, असं त्याने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मान हलवून पुन्हा कामाला लागला.

डोळ्याने पाहिलं तर तेजोमेघ म्हणजे मृगाच्या बाणाखाली एक धुरकट डाग. फिल्मवर मात्र उजेड साठत जातो. अर्धा तास कॅमेरा उघडा ठेवला तर डोळ्याला कधी दिसणार नाही ते फिल्मला दिसतं. अडचण एवढीच की अर्ध्या तासात आकाश बरंच सरकतं आणि दुर्बीणही त्याच चालीने सरकवत राहावी लागते. मोठ्या वेधशाळांत त्यासाठी घड्याळासारखं यंत्र असतं. माझ्याकडे एक लांब स्क्रू होता आणि तो फिरवायला जुन्या शिलाई मशीनचं हातचाक. मोठ्या दुर्बिणीला एक छोटी दुर्बीण बांधली होती, तिच्यात दोन तंतूंची फुली. एक तारा त्या फुलीवर धरायचा आणि चाक हळूहळू फिरवत त्याला तिथून हलू द्यायचं नाही. काम एवढंच.

ते मला जमेना. पहिल्या हिवाळ्यातले माझे सगळे फोटो वाया गेले. कुठे ताऱ्यांच्या अळ्या झाल्या, कुठे नागमोडी रेघा. माझा हात उतावळा होता. तारा जरा सरकला की मी चाक जास्त फिरवायचो, मग तो दुसरीकडे जायचा.

एका रात्री माझी बायको मला जेवायला बोलवायला वर आली. मी चिडून कॅमेरा बंद करत होतो.

"मी बघू का?" ती म्हणाली.

ती शिरपूरकडच्या एका खेड्यातली, कापसाच्या शेतातली. सातवीपर्यंत शिकलेली. मी तिला डोळा कुठे लावायचा ते दाखवलं आणि उलटा डबा बसायला दिला. गंमत म्हणून पाच मिनिटं बसेल असं मला वाटलं. ती बसली आणि माझ्या घड्याळात दहा मिनिटं होईपर्यंत तारा फुलीवरून हलला नाही. मी मधूनमधून वाकून बघत होतो. चाकावर तिची दोन बोटं होती आणि ती फिरतात हेसुद्धा अंधारात कळत नव्हतं.

त्या दिवसापासून चाक तिच्याकडे गेलं. फुलीतले तंतू फार जाड आहेत, तारा त्यांच्यामागे लपतो, असं तिनेच मला सांगितलं. मग लग्नातल्या शालूची एक सुटी दशी घेऊन तिने त्यातला एकेक तंतू सोडवला आणि डिंकाने चिकटवून नवी फुली करून दिली. फुली अंधारात दिसावी म्हणून बॅटरीच्या बारक्या दिव्याला मी पतंगाचा लाल कागद लावला. मालगाडी आली की गच्ची थरथरायची. आवाज यायच्या आधीच ते तिला कळायचं. "पायाला कळतं," म्हणायची. मग मी नळीसमोर काळा पुठ्ठा धरायचो, गाडी जाईपर्यंत ती चाक फिरवत राहायची आणि मग मी पुठ्ठा काढायचो. या सगळ्यात आम्ही फारसं बोलत नसू. आमच्या संसारातला सगळ्यात चांगला काळ कोणता असं मला कुणी विचारलं तर मी त्या न बोललेल्या रात्री सांगेन.

पुढच्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं. स्टेशनचे दिवे झाकले गेले, घरोघरी खिडक्यांना काळे कागद लागले. इतकं काळं आकाश मी पुन्हा पाहिलं नाही. आमच्या लाल दिव्याची कुणीतरी तक्रार केली आणि एक पोलीस गच्चीवर आला. शेठजी त्याच्यामागे धापा टाकत आले आणि मास्तर ताऱ्यांचे फोटो काढतात म्हणून समजावू लागले. तिने त्या पोलिसाला छोट्या दुर्बिणीतून बघायला लावलं. तो बघून गेला आणि पुन्हा आला नाही.

त्या आठवड्यात आम्ही पस्तीस मिनिटांचा फोटो घेतला. थंडी कडक होती. तिने घोंगडी पांघरली होती, उजवा हात तेवढा बाहेर. पस्तीस मिनिटांत ती एकदाच खोकली. तोंड पदरात दाबून, हात न हलवता. संपल्यावर मी तिला म्हटलं, आत जाऊन गरम पाणी पी. "मिरची," ती म्हणाली. मीही तेच समजलो.

न्हाणीच्या दाराला चादर लावून मी फिल्म धुतली. दुसऱ्या दिवशी कागदावर छाप काढताना तिला शेजारी उभं केलं. रसायनाच्या पाण्यात पांढरा कागद, तो काळा पडत गेला आणि त्यात आधी तारे उरले, बारीक, गोल. मग मधोमध हळूहळू तेजोमेघ उमलत आला. कडेला पंखांसारखे पदर, आत काळोखाची एक खाच. आम्ही दोघं श्वास रोखून वाकलो होतो.

"बोंड फुटल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. "कापसाचं."

मी तो फोटो मराठीतल्या एका विज्ञान मासिकाला पाठवला. सोबत सविस्तर टिपण लिहिलं. आरसा कसा घासला, फिल्म कोणती, ती धुवायला कोणतं रसायन, किती वेळ. लेथवाल्याचे आभार मानले. गच्ची दिल्याबद्दल शेठजींचे मानले. तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मी मुद्दाम टाळलं असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण मुद्दाम टाळायला ती आधी आठवावी लागली असती. टिपण लिहीत होतो तेव्हा ती त्याच खोलीत, माझ्यापासून चार हातांवर तांदूळ निवडत बसली होती.

फेब्रुवारीच्या अंकात फोटो आला. शाळेत कौतुक झालं. मग धुळ्याच्या एका कॉलेजातून व्याख्यानाचं बोलावणं आलं, होळीच्या आठवड्यात. तीही येते म्हणाली. नवी साडी नेसली, वाटेत एस.टी.त दोनदा विचारलं की लोक पुष्कळ असतील का.

लोक पुष्कळ होते. ती बायकांच्या बाकांवर मागे बसली. मी चांगलं बोललो. तेजोमेघ कसा दिसतो हे सांगताना मी म्हणालो, कापसाचं बोंड फुटावं तसा. खानदेशातले लोक, त्यांना ते फार आवडलं, टाळ्या पडल्या. शेवटी पुढच्या रांगेतले एक वयस्कर प्राध्यापक उठले. त्यांनी विचारलं की कॅमेरा, पुठ्ठा, घड्याळ हे सगळं सांभाळून चाक कोण फिरवत होतं? माणसाला दोनच हात असतात.

तेवढ्या एका क्षणात मला सांगता आलं असतं. मागे बोट दाखवायचं, एवढंच होतं. पण मला वाटलं, भरल्या सभेत बायकोचं नाव काय घ्यायचं, लोक हसतील. आणि खरं सांगायचं तर टाळ्यांची चव तोंडात होती.

मी म्हणालो, "सवय झाली की एकट्याला जमतं."

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. बरंच अंतर गेल्यावर तिने विचारलं, "एकट्याला जमतं?"

मी हसलो. म्हटलं, व्याख्यानात घरच्या गोष्टी सांगत नसतात. घरी आल्यावर तिने साडी घडी करून ट्रंकेत ठेवली आणि स्वयंपाकाला लागली. भांडण असं काही झालं नाही.

होळीचा चंद्र ओसरला, रंगपंचमी झाली, आकाश पुन्हा काळं झालं. मृग पश्चिमेला कलायच्या आत आणखी एक लांब फोटो घ्यावा असं माझ्या मनात होतं. मी सगळं मांडलं आणि खाली येऊन तिला म्हटलं, चल.

"आज नको," ती म्हणाली. "तुम्ही बघा."

तिच्या आवाजात राग नव्हता, पण मला तो ऐकू आला. मी ठरवलं की आपण मनधरणी करायची नाही, राग जाईल तेव्हा आपोआप येईल वर. मी एकटाच चाक फिरवत बसलो. फिल्म धुतली तर पुन्हा त्याच अळ्या.

ती वर आली नाही. एक आठवडा नाही, महिना नाही. मीही पुन्हा बोलावलं नाही.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. चैत्र संपता संपता सगळं गाव गच्चीवर झोपायला जातं. शेठजींचं कुटुंब वर, शेजारीपाजारी आपापल्या गच्च्यांवर. मी अंथरूण घेऊन वर गेलो. ती म्हणाली, मला खालीच बरं वाटतं. भट्टीसारख्या तापलेल्या खोलीत दाराच्या चौकटीला उशा लावून ती बसल्या बसल्या झोपायची. मी पाणी प्यायला खाली उतरलो की ती तशी दिसायची, कधी जागी, कधी डोळे मिटलेले. मला वाटायचं, माझ्या शेजारी झोपायचं नाही म्हणून हे चाललंय. एवढ्याशा गोष्टीचा किती दिवस राग धरायचा, असंही वाटायचं. शेठजींच्या घरच्या बाई एकदा मला म्हणाल्या की मास्तर, तुमच्या घरात काही बिनसलंय का. मी नाही म्हटलं.

मिरचीचा हंगाम कधीच संपला होता. गच्ची धुऊन झाली होती. ती अजून खोकत होती.

श्रावणात एका सकाळी नळावरून पाणी आणताना ती उंबऱ्याशी कळशी ठेवून खाली बसली आणि खोकता खोकता पदराला रक्त लागलं. शेठजींनी जीप मागवली. धुळ्याला पोचेपर्यंत तिचे ओठ निळसर झाले होते.

तिथले डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. त्यांनी तपासलं, छातीचे एक्स-रे काढले आणि मला सांगितलं की हृदयाची एक झडप आक्रसून अरुंद झाली आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं त्यांनी तिला विचारलं. ती हो म्हणाली, नऊ वर्षांची असताना, दोन महिने. तेव्हाच हे सुरू झालं होतं. आता रक्त फुफ्फुसात तुंबतं, म्हणून दम लागतो, म्हणून खोकला, आणि आडवं झालं की जास्त.

मग त्यांनी मला विचारलं, "यांना सपाट झोपता येत नाही, ते कधीपासून?"

मला माहीत नव्हतं. चार महिने रोज रात्री मी ते बघत होतो आणि मला माहीत नव्हतं.

तिनेच सांगितलं, "चैत्रापासून."

यावरचं ऑपरेशन मुंबईला होत असे. डॉक्टरांनी पत्र लिहिलं, पंधरा दिवसांनी जागा मिळेल असं उत्तर आलं. औषधांनी तिला जरा उतार पडला. आम्ही धुळ्यालाच थांबलो. एका संध्याकाळी वॉर्डात जरा शांत होतं, ती उशांना टेकून बसली होती. मी विचारलं.

"तू माझ्यावर रागावली होतीस ना?"

"हो," ती म्हणाली. "आठ-दहा दिवस. तुम्ही बोलवायला आलात त्या दिवशी राग होता."

"आणि नंतर?"

"नंतर गेला. किती दिवस धरणार?"

"मग वर का आली नाहीस?"

बोलताना तिला मध्ये मध्ये श्वास घ्यावा लागत होता. "एकदा आले होते. तुम्ही वर होता. चौथ्या पायरीवर दम लागला, तिथंच बसले. चाकाचा आवाज येत होता, तुम्ही फार जोरात फिरवत होता. मग उतरले खाली."

"हाक का नाही मारलीस?"

"मला वाटलं, तुम्हाला आता नको असेल. एकट्याला जमतं म्हणाला होता ना." तिने हे टोमण्याने म्हटलं नाही. मला काय वाटेल याचा विचार करून तिने लगेच माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही परत एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, असू द्या. मग तिने विचारलं की उन्हाळ्यात धनू राशीतला तेजोमेघ घ्यायचा होता, तो घेतला का. मी म्हटलं, बिघडला. "मुंबईहून आल्यावर बघू," ती म्हणाली.

मुंबईला जायच्या चार दिवस आधी ती गेली. दुपारची वेळ होती. मी जवळच होतो. ती काहीतरी सांगत होती, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलीबद्दल, आणि सांगता सांगता तिचा श्वास अडकला. डॉक्टर धावत आले, नर्स आली, मला बाहेर काढलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं संपलं. तिचं वय सव्वीस होतं.

दिवाळीनंतर मी त्या मासिकाला पत्र लिहिलं. ते टिपण अपुरं आहे, कॅमेरा उघडण्या-मिटण्यापलीकडे त्या पस्तीस मिनिटांत मी काहीच केलं नव्हतं, दुर्बीण पूर्ण वेळ माझ्या पत्नीने सांभाळली होती, फोटो तिच्या नावाने धरावा, असं लिहिलं. संपादकांनी हाताने लिहिलेलं उत्तर पाठवलं. त्यांनी दुःख व्यक्त केलं होतं आणि माझ्या भावना समजतात, पण जुन्या अंकातल्या मजकुरात असा बदल छापण्याची पद्धत नाही, असं म्हटलं होतं. त्यांचा राग मला आला नाही. सांगायची वेळ होती तेव्हा मला कुणी अडवलं नव्हतं.

मग मी फोटो घेऊन तिच्या माहेरी गेलो. तिची आई आधीच गेली होती. वडील, आबा, एकटेच अंगणात बाजेवर बसले होते. कापसाची वेचणी चालू होती, घरात ढीग पडला होता. मी त्यांच्या हातात फोटो दिला आणि सगळं सांगायला सुरुवात केली. मासिक, व्याख्यान, प्राध्यापकांचा प्रश्न. माझं बोलणं अर्ध्यावर असतानाच त्यांनी हात वर केला.

"माले ठाऊक शे," ते म्हणाले. "तिनी माले दखाडं व्हतं."

युद्धानंतरच्या संक्रांतीला ती चार दिवस माहेरी आली होती. तेव्हा खळ्यावर उभी राहून तिने आबांना मृगाच्या खालचा तो डाग बोटाने दाखवला होता आणि सांगितलं होतं की मास्तर याचा फोटो काढतात आणि मी तो हलू देत नाही. हे सांगताना ती फार हसत होती, असं आबा म्हणाले. त्यांना नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसलं नव्हतं, पण ती एवढी खूश होती म्हणून ते दिसलं म्हणाले.

फोटो त्यांनी मांडीवर पालथा ठेवला. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, जावयाशी बोलावं तशा अदबीने.

"तिले दम लागे. तुम्हले ते दिसनं नही का?"

मी म्हणालो, "दिसलं होतं, आबा. मी विचारलं नाही."

ते उठले, बैलांपुढे कडबा टाकला, हातपाय धुतले आणि आत जाऊन त्यांनी स्वतः भाकरी टाकल्या. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. त्यांनी मला आग्रह करून आणखी एक भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली. रात्री त्यांनी त्यांची बाज मला दिली आणि स्वतः कापसाच्या ढिगाशेजारी झोपले. सकाळी पहिल्या एस.टी.पर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. गाडीत बसलो तेव्हा त्यांनी खिडकीतून एवढंच विचारलं की पुढच्या दिवाळीला येणार ना. मी हो म्हणालो. ते होते तोवर नऊ वर्षं मी दर दिवाळीला जात राहिलो. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.